अळंबीची पिशवी उघडेपर्यंत कशी सांभाळावी

गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगाव-खानापूर भागात आणि घाटाखाली गोव्यातही पुष्कळ घरी अळंबीची तयार पिशवी येऊ लागली आहे. कोणी ती कृषी मेळ्यातून आणतो, कोणाला शहरातला मुलगा पार्सलने पाठवतो, तर कोठे बायकांचा बचत गट दहा-वीस पिशव्या एकदम मागवतो. पिशवीसोबतच्या कागदावर लिहिलेले असते की पिशवी कापा, पाणी शिंपडा आणि आठवड्याभरात अळंबी काढा. हे खोटे नाही. परंतु पिशवी घरात आल्यापासून ती कापेपर्यंत जे दिवस जातात, त्यांविषयी त्या कागदावर फार तर एखादी ओळ असते. आणि पुष्कळ पिशव्या नासतात त्या नेमक्या ह्याच दिवसांत. म्हणून आजचा पाठ केवळ तेवढ्या दिवसांचा आहे.

मध्यंतरी एका मावशीने मला विचारले, "फादर, बियाणंच ना हे? भाताचं बी वर्षभर कणगीत राहतं. मग हे का राहू नये?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समजले की पुढचे सगळे आपोआप समजते.

भाताचा दाणा झोपलेला असतो. त्यात अंकुर आहे, पण पाणी नाही; म्हणून तो जवळजवळ काही खात नाही, श्वासही नाममात्र घेतो. कोरडा ठेवा, कीड लागू देऊ नका, एवढे पुरे. अळंबीच्या बियाण्याला आपण सवयीने बी म्हणतो, पण ते बी नव्हे. ज्वारी किंवा गहू उकडून, त्यात चुन्याची भुकटी व जिप्सम मिसळून, बाटलीत किंवा पिशवीत वाफेने निर्जंतुक करतात आणि त्यावर अळंबीच्या बुरशीचे तंतू वाढवतात. ते पांढरे तंतू हीच अळंबीची खरी काया. छत्री हे तिचे केवळ फळ. ही काया ओली आहे, जागी आहे, दाणे खात आहे, श्वास घेत आहे आणि अंगातून ऊब सोडत आहे. म्हणजे आपण पिशवी घरी आणतो तेव्हा बियाण्याची पुडी आणत नाही, तर कोंबडीचे पिल्लू आणावे तसा एक जीव आणतो. कणगीत ठेवायची वस्तू आणि खुराड्यात ठेवायचे पिल्लू यांची निगा एक कशी असेल?

ह्यावरून दुसरी गोष्ट निघते. पिशवीत जेवढा पेंढा किंवा भुसा भरला आहे तेवढीच त्या जिवाची शिदोरी. तुम्ही पिशवी न उघडता ठेवली म्हणून जेवण थांबत नाही. रोज थोडी थोडी शिदोरी संपते आणि शेवटी फळ धरायला बळ उरत नाही. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे धिंगरी अळंबी साधारण अर्धा ते पाऊण किलो मिळावी अशी अपेक्षा असते. फार दिवस पडून राहिलेली पिशवी मेली नसली तरी ह्याच्या निम्मीसुद्धा देईल असे सांगता येत नाही. उष्णता जितकी जास्त, तितके हे खाणे जोरात. साठवण म्हणजे दुसरे काही नाही, तर त्या जिवाला न मारता त्याची भूक मंद करणे.

हातात आले आहे ते काय?

बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. पहिली म्हणजे पूर्ण पांढरी झालेली पिशवी. हिच्यात तंतूंनी सगळा पेंढा व्यापलेला असतो, आता फक्त उघडायचे. दुसरी म्हणजे नुकतेच बियाणे पेरलेली पिशवी. हिच्यात पेंढा पिवळाच दिसतो आणि मध्ये मध्ये पांढरे ठिपके असतात. तिसरी म्हणजे नुसती बियाण्याची पुडी. पेंढा आपण आपला भिजवून, उकडून भरायचा.

दुसऱ्या प्रकारची पिशवी साठवण्याचा प्रश्नच नाही. तिला थंडीत घालून तिची वाढ थांबवली तर अर्धवट व्यापलेल्या पेंढ्यावर इतर बुरश्या हक्क सांगतात. तिला आल्या दिवशीच २० ते २८ अंश उष्णतामानाच्या, अंधाऱ्या पण हवा खेळत्या खोलीत टांगावे आणि १५ ते २० दिवस पांढरी होऊ द्यावी. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत थोडे अधिक दिवस लागतात, त्याने घाबरू नये.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराला मात्र थोडे थांबवता येते. किती थांबवता येते, हे अळंबीच्या जातीवर अवलंबून आहे. येथेच माणसे सर्वांत मोठी चूक करतात, कारण सगळे सांगतात की "फ्रीजमध्ये ठेवा."

फ्रीज कोणाला मानवतो, कोणाला मारतो

पांढरी किंवा राखी धिंगरी अळंबी, जी आपल्याकडे सर्वांत जास्त लावली जाते, तिला फ्रीज मानवतो. तिच्या बियाण्याची पुडी ४ अंशांच्या आसपास ठेवली तर महिनाभर चांगली राहते. त्यापुढेही काही दिवस जगते, पण महिन्याच्या आत वापरणेच शहाणपणाचे. तीच पुडी एप्रिलच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, तर आठ-दहा दिवसांत दाणे पिवळे पडून आंबूस वास येऊ लागतो. पूर्ण पांढरी झालेली पिशवी फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दोन आठवडे बिनधास्त ठेवावी, फार तर तीन. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. तेथे तंतूंमधले पाणी गोठते आणि पिशवी उघडल्यावर तिचा लगदा होतो.

बटण अळंबीलाही थंडी आवडते. तिचे बियाणे फ्रीजमध्ये धिंगरीपेक्षाही अधिक टिकते. पण ह्या जातीची घरगुती पेटी आपल्या भागात कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिला फळ धरताना १४ ते १८ अंश उष्णतामान आठवडेच्या आठवडे लागते. हिमाचलात सोलनला, जेथे १९८३ साली अळंबीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, तेथे ते हिवाळ्यात सहज मिळते. गोव्यात यंत्राशिवाय ते मिळत नाही आणि बेळगावात काही रात्रीच मिळते. पेटी कितीही नीट साठवली तरी थंडीची वाट पाहत ती म्हातारी होणार.

आता दुसरी बाजू. गुलाबी धिंगरी, दुधी अळंबी आणि भाताच्या पेंढ्यावरची अळंबी ह्या तिघी उष्ण प्रदेशातल्या आहेत. दुधी अळंबीची नोंद शास्त्रज्ञांनी १९७४ साली पश्चिम बंगालमध्ये केली आणि पुढे तामिळनाडूत तिची लागवड वाढली. ३० ते ३५ अंशांत ती सुखाने वाढते, म्हणून आपल्या मार्च ते मे महिन्यांना ती फार योग्य. पेंढ्यावरची अळंबी ओडिशात भर उन्हाळ्यात व पावसाळ्यात घेतात. ह्या जातींना फ्रीजची थंडी सोसत नाही. पेंढ्यावरच्या अळंबीचे बियाणे १५ अंशांच्या खाली गेले की मरू लागते. तिची काढलेली फळेसुद्धा फ्रीजमध्ये पाणी सुटून विरघळल्यासारखी होतात. गुलाबी धिंगरीचेही तसेच. बाहेरून पाहावे तर पुडी पांढरीशुभ्र, काही बिघडलेले दिसत नाही. पेंढ्यात मिसळल्यावर दहा दिवस वाट पाहिली तरी एक तंतू पुढे सरकत नाही, आणि मग दोष पेंढ्याला, पाण्याला किंवा विकणाऱ्याला दिला जातो.

म्हणून घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा, तर "ही कोणती जात आहे?" हा असावा. "चांगली जात आहे हो" हे उत्तर नव्हे. दुसरा प्रश्न, "बियाणे कोणत्या तारखेला पेरले?" आपल्या एका ओळखीच्या गटाने एका विक्रेत्याकडून वीस पिशव्या घेतल्या, एकाही पिशवीवर ना जात होती ना तारीख. निम्म्या पिशव्यांत घरी पोहोचायच्या आतच कळ्या येऊन सडल्या होत्या. दुकानातून पाव घेताना आपण तारीख विचारतो, मग येथे संकोच कशाला? उत्तर मिळाले की घरी येताच शाईच्या पेनने पिशवीवर जात, पेरल्याची तारीख आणि आणल्याची तारीख लिहून टाकावी. जात कळलीच नाही तर फ्रीजच्या वाटेला जाऊच नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवून चार दिवसांत काम सुरू करावे.

फ्रीजमध्ये ठेवतानाही दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. पिशवीला दुसरी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नये, जीव गुदमरतो. वर्तमानपत्राचा कागद सैल गुंडाळला तर पुरे. पिशवीच्या तोंडाशी कापसाचा बोळा किंवा गाळणीचा चौकोन असतो, तेथूनच ती श्वास घेते, म्हणून तो भाग भिंतीला टेकू नये, भिजूही नये. शेजारी सडकी भाजी किंवा बुरसलेले लिंबू नसावे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती कधी कधी दिवसदिवस येत नाही. एकदा थंड, एकदा गरम असे झाले की पिशवीच्या आतल्या बाजूला घाम धरतो, ते पाणी खाली साचते आणि तेथे सड सुरू होते. ज्या गावी विजेचा भरवसा नाही तेथे फ्रीजपेक्षा खोली बरी.

फ्रीजमधून काढलेली पिशवी परत आत ठेवू नये. धिंगरीला थंडीनंतरची ऊब म्हणजे फळ धरण्याचा इशारा वाटतो आणि दोन-चार दिवसांत कळ्या दिसू लागतात. म्हणून काढायची ती कापायच्या तयारीनेच. बियाण्याची पुडी मात्र पेंढ्यात मिसळण्यापूर्वी एक रात्र खोलीत ठेवून तिची थंडी जाऊ द्यावी.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही

अशी घरे अजून आहेत, आणि त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. धिंगरीची पांढरी पिशवी २० ते २५ अंशांत आठ-दहा दिवस चांगली राहते. बेळगावात जूनपासून फेब्रुवारीपर्यंत जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात एवढा गारवा बहुधा असतो. उत्तरेकडची खोली, माजघर किंवा धान्याची खोली निवडावी. पत्र्याखालची जागा, चुलीची भिंत आणि गच्चीखालचा पोटमाळा टाळावा. उष्णतामान ३० च्या वर असेल तर मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, आणि ४० च्या वर काही तास गेले तर तंतू मरतात. बंद गाडीच्या डिकीत किंवा एस.टी.च्या इंजिनाशेजारी पिशवी ठेवून दुपारचा प्रवास केला, तर एवढी उष्णता सहज होते. पिशव्या आणायला जावे तर पहाटे निघावे, आणि त्या टोपलीत, ओल्या गोणपाटाखाली आणाव्यात.

घरात पिशव्या एकावर एक रचू नयेत. प्रत्येकीच्या अंगची ऊब शेजारणीला लागते आणि ढिगाच्या पोटातली पिशवी खोलीपेक्षा कितीतरी गरम होते. हात लावून पाहावा, कळते. आपल्या आजीचे शिंके ह्या कामाला उत्तम. टांगलेल्या पिशवीला चारी बाजूंनी हवा लागते आणि उंदीर पोहोचत नाही. उंदराला आतले गव्हा-ज्वारीचे दाणे फार प्रिय. शिंके नसेल तर स्टूल घेऊन त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांची पावडर किंवा डासांचा फवारा त्या खोलीत मारू नये. पुढे त्याच पिशवीवरचे आपण खाणार आहोत, हे विसरता कामा नये. खताच्या पोत्यांजवळ आणि औषधांच्या डब्यांजवळही ती नको.

कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक उपाय चालतो. एका मोठ्या मातीच्या कुंडीत दुसरी लहान कुंडी ठेवावी, मधल्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ ओली करावी, लहान कुंडीत पिशवी ठेवून वर ओले फडके टाकावे. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने आत गारवा राहतो. बेळगाव, धारवाडकडे मार्च-एप्रिलमध्ये ह्याचा चांगला गुण येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हवाच ओली असल्याने वाळूतले पाणी उडत नाही, आणि तेथे ही खटपट व्यर्थ.

अंधार का सांगितला, तेही समजून घ्यावे. उजेड आणि मोकळी हवा मिळाली की अळंबीला वाटते आपण जमिनीबाहेर आलो, आता फळ धरावे. म्हणून साठवणीत अंधार ठेवायचा. कुतूहलाने पिशवीला भोक पाडून पाहणे, "तहान लागली असेल" म्हणून आत पाणी सोडणे, हे दोन्ही टाळावे. मुलांना तसे बजावून ठेवावे. इतके करूनही आत कळ्या दिसल्याच, तर ठरवलेल्या दिवसाची वाट न पाहता कळ्यांच्या जागी चीर द्यावी आणि पाणी शिंपडायला लागावे.

खरे पाहता सगळ्यांत चांगली साठवण म्हणजे साठवण न करणे. उलटा हिशेब मांडावा. नाताळच्या जेवणाला घरची धिंगरी हवी असेल तर तयार पांढरी पिशवी १५ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान कापायला हवी, म्हणून ती १० तारखेच्या सुमारास आणावी. बियाणे आणून पिशवी आपणच भरणार असाल तर २५ नोव्हेंबरच्या पुढे जाऊ नये. आणि घरात लग्न आहे, भाताची कापणी आहे, बाहेरगावी जायचे आहे, अशा दिवसांत स्वस्त मिळते म्हणून पिशवी आणूच नये. धिंगरीला फळ धरताना दिवसातून दोन-तीनदा पाणी दाखवावे लागते. तेवढा वेळ नसेल तर नीट सांभाळलेली पिशवीही वाया जाते.

नासलेली पिशवी आणि घरातली माणसे

पिशवी आणताना आणि नंतर दर दोन दिवसांनी डोळे व नाक वापरावे. चांगल्या पिशवीला ताज्या अळंबीचा किंवा पावसात भिजलेल्या मातीसारखा वास असतो. तळाशी पिवळसर पाण्याचे दोन-चार थेंब असले तर चिंता नाही. वाटीभर साचले असेल तर पिशवी म्हातारी झाली किंवा उष्णतेने त्रासली, ती लगेच कापावी. आंबट किंवा दारूसारखा वास, चिकटपणा आणि बसका, ओघळलेला पेंढा दिसला तर सड लागली. हिरवा डाग म्हणजे हिरवी बुरशी. अळंबी लावणाऱ्यांचा हा जुना वैरी. उन्हाळ्यात कधी कधी नारिंगी पिठासारखी बुरशी येते आणि ती तर एका रात्रीत सगळ्या खोलीत पसरते. हिरवी किंवा नारिंगी पिशवी घरात उघडू नये. तोंडाला फडके बांधून ती तशीच बंद उचलावी, घरापासून लांब खड्ड्यात पुरावी, आणि उरलेल्या पिशव्यांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. गुरांपुढे टाकू नये.

आता दम्याच्या आजाऱ्यांविषयी. धिंगरीची छत्री पूर्ण उघडली की तिच्याखालून पिठासारखे पांढरे बीजाणू उडतात. खोक्यात विसरलेली पिशवी आतल्या आत फुलते आणि खोके उघडताच हे पीठ तोंडावर येते. काहींना त्याने खोकला, छाती भरणे, अंगात कणकण असा त्रास होतो, आणि दम्याच्या माणसाला तो विशेष बाधतो. म्हणून जागा नाही ह्या सबबीवर पिशवी आजोबांच्या खाटेखाली किंवा बाळाच्या खोलीत ठेवू नये. अळंबी नेहमी छत्रीच्या कडा वर वळण्याआधीच काढावी.

जुन्या पिशवीवर कधी कधी लावलेल्या जातीपेक्षा वेगळीच, बारीक दांड्याची छत्री उगवते आणि काही तासांत काळी शाई होऊन ओघळते. ही पेंढ्यातली रानटी अळंबी. पिशवी विकत घेतली, म्हणजे तिच्यावर उगवेल ते सगळे खाण्याजोगे, असा समज कोणी करून घेऊ नये. जे लावले त्याच्याशी रंग, आकार आणि वास जुळत नसेल ते उपटून पुरावे. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर वारुळावरची अळंबी खाण्याची चाल जुनी आहे आणि तिची पारख असलेली माणसे गावोगावी आहेत. त्यांची पारख त्या अळंबीपुरती, पिशवीतल्या परक्या छत्रीला ती लागू पडत नाही. (ही वारुळावरची अळंबी पिशवीत मिळेल का, असे पुष्कळ जण विचारतात. मिळणार नाही. वाळवी तिला जमिनीखाली स्वतः पोसते. वाळवीवाचून ती फळ धरत नाही.) संशयाची अळंबी खाऊन उलट्या, जुलाब झाले तर घरगुती औषधात वेळ न घालवता उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

दिवस उलटून गेलेली पण रंगाने पांढरी आणि वासाने चांगली पिशवी टाकू नये. ती कापून टांगावी, पाणी द्यावे. थोडे तरी फळ बहुधा येते. पंधरा दिवसांत काहीच आले नाही, तर पेंढा मोकळा करून शेणखताच्या खड्ड्यात घालावा. दोन-तीन महिन्यांत तो कुजला की माडाच्या आळ्यात किंवा केळीच्या बुडाशी घालावा. प्लास्टिक मात्र आधी वेगळे काढावे.